कात टाकायची घाई

मागच्या वर्षी गॅदरिंगच्या चार दिवस आधी माझ्या रूममेटने ऑनलाइन मागवलेलं पीलिंग सोल्यूशन चेहऱ्याला लावलं. (तिला विचारूनच लिहितेय.) बाटलीवर दहा मिनिटं लिहिली होती, जास्त चमक यावी म्हणून तिने अर्धा तास ठेवलं. सकाळी गाल भाजल्यासारखे लालबुंद! नाटकातली तिची भूमिका दुसरीने केली. लाली आठवड्यात गेली, काळे डाग मात्र कित्येक महिने राहिले.

तेव्हापासून आमच्या हॉस्टेलवर ‘ॲसिड म्हणजे विष’ असं ठरून गेलंय. मला ते पटत नाही. आपल्या आज्या चेहऱ्याला दही लावायच्या, त्यात लॅक्टिक ॲसिडच असतं. ग्लायकोलिक ॲसिड उसातही असतं. ही ॲसिडं वरच्या थरातल्या मृत पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतात. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून ते रंध्रांत उतरून मुरुमांवर काम करतं. नीट वापरलं तर उपयोग होतोच.

प्रश्न मात्रेचा आहे. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ॲसिड घरी वापरायचं तर प्रमाण १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५च्या खाली नको, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने सांगितलंय. पण ३० टक्क्यांची बाटलीसुद्धा आपल्याला मोबाइलवर सहज मिळते. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून लिंबू चोळणाऱ्यांनो, लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो!

खरी गोम पुढेच आहे. सावळ्या त्वचेवर भाजल्याचे डाग लवकर पडतात, आणि ही ॲसिडं लावल्यावर ऊन जास्त बाधतं. म्हणजे ज्या उजळपणासाठी एवढा खटाटोप, तोच गोव्याच्या उन्हात उलटतो. माझ्या मते आपल्याला त्वचा निरोगी नको असते, दुसऱ्या कुणाची तरी हवी असते. तीही शुक्रवारपर्यंत.

तेव्हा, वापरायचंच तर एका वेळी एकच ॲसिड, आठवड्यातून एकदोनदा, रात्री. आधी कानामागे लावून बघा, दिवसा सनस्क्रीन लावा. जळजळ वाढली तर लगेच धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

आपल्या मंडळाला एक सुचवते: या बाटल्यांवरच्या बारीक इंग्रजी सूचना सोप्या मराठीत लिहून हॉस्टेलच्या फलकावर लावूया. त्वचा साधारण महिन्याभरात आपली आपण नवी होत असते. तेवढा धीर धरायला काय हरकत आहे?