लाइन गेली

दर रविवारी सकाळी मी घरी फोन लावतो. घरी म्हणजे मंगरूळपीरला, जिल्हा वाशीम. (पुण्यातले मित्र अजूनही 'म्हणजे मंगळूर का?' असं विचारतात. नाही रे बाबांनो, आमच्याकडे समुद्र नाही.) तर मागच्या रविवारी बाबांनी फोन उचलला आणि 'हॅलो'च्या आधीच म्हणाले, "थांब जरा, लाइन आली. मोटार चालू करून येतो, मंग बोलू." फोन स्पीकरवर होता. शेजारी बसलेल्या आमच्या कन्यारत्नानं (वय वर्षं ८, जन्म आणि शिक्षण पुण्यात) लगेच विचारलं, "आजोबांकडे कोणती लाइन आली?"

आता काय उत्तर देणार? मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. उरलेला रविवार त्यातच गेला.

आधी मोजदाद करू. आमच्या गावात 'लाइन' या एका शब्दावर किती संसार चालतात पाहा. बँकेत लागते ती लाइन. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर अख्ख्या देशानं लावली ती हीच. वाया गेलेला पोरगा सरळ वागू लागला की तो 'लाइनीवर आला'. स्थळ बघताना विचारतात, "पोरगा कोणत्या लाइनले हाय?" आणि 'सॉफ्टवेअर लाइनले' असं उत्तर आलं की चहातली साखर वाढते. (२००८ च्या मंदीत ती थोडी कमी झाली होती, तो भाग वेगळा.) गवंड्याच्या हातात लाइनदोरी असते. पोलिसांची घरं म्हणजे पोलीस लाइन, आणि साहेबलोकांची वस्ती म्हणजे अकोल्याची, नागपूरची सिव्हिल लाइन्स. कॉलेजच्या गेटवर मारतात ती लाइन वेगळी, आणि नशीब जोरावर असेल तर समोरून 'लाइन मिळते' ती त्याहून वेगळी. मटक्यासारखा धंदा म्हणजे 'दोन नंबरची लाइन'. रेल्वेची लाइन मात्र आमच्या गावाला नाही. गाडी पकडायला वाशीमला जायचं. पलीकडे कारंज्याला एके काळी शकुंतला यायची, मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेजवरची. तीही आता बंद पडली.

माझ्या पोटापाण्याच्या धंद्यात तर लाइनींचा सुकाळच. कोडच्या लाइनी, ऑनलाइन, ऑफलाइन आणि डेडलाइन. (ही डेडलाइन म्हणजे मुळात अमेरिकन यादवी युद्धातल्या तुरुंगातली रेषा. १८६४ साली अँडरसनव्हिलच्या छावणीत ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी सरळ गोळी घालत. आमच्या मॅनेजरला हे कुणी सांगू नका :-) ) आणि पाइपलाइन! गेल्या वर्षी एकाच दिवशी बाबा फोनवर म्हणाले, "पाइपलाइन फुटली," आणि तासाभरात टीममधून निरोप आला, "पाइपलाइन फेल झाली." बाबांची आधी दुरुस्त झाली.

पण या सगळ्यांच्या वर बसलेली आहे ती विजेची लाइन. लाइन आली, लाइन गेली, लाइन कमी-जास्त होऊन राहिली. खांबावर चढतो तो लाइनमन, आणि पावसाळ्यात गावात त्याच्याइतका मान कुणालाच नसतो.

मी २००६ साली पुण्यात नोकरीला लागलो. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी ऑफिसातली वीज गेली आणि मी सवयीनं बोलून गेलो, "अरे, लाइन गेली!" शेजारच्या सहकाऱ्यानं टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला. "चालू आहे की," तो म्हणाला. मग कुणीतरी समजावलं की याला 'लाइट गेले' असं म्हणायचंय. सगळे हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. पुढचे काही महिने ते माझं टोपणनावच झालं. 'ए लाइन, चहाला येतोस का?'

आणि मी काय केलं? मी शब्द बदलला. 'मले-तुले' तर पहिल्याच दिवशी बॅगेत परत गेलं होतं, 'लाइन'ही त्याच्या मागोमाग गेली. 'लाइट गेले' म्हणायला शिकलो, तेही अनेकवचनात, पुणेरी पद्धतीनं. (मुंबईत 'लाइट गेली' म्हणतात. एकाच राज्यात विजेचं लिंग-वचनसुद्धा एक नाही, असो.) मला वाटायचं, आपण चुकीचं मराठी सुधारतोय. प्रत्यक्षात मी एक चांगला, नेमका शब्द टाकून देत होतो. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

कळलं ते असं. एकदा डिसेंबरात गावी गेलो होतो. संध्याकाळी घरात दिवे चालू, टीव्ही चालू, आणि बाबा म्हणतात, "आज लाइन नाही." मी म्हटलं, "अहो बाबा, हा काय टीव्ही चालू आहे." ते म्हणाले, "घरी लाइट हाय रे. वावरात लाइन नाही."

इंजिनिअर मुलाची अशी शिकवणी झाली. गोष्ट साधी आहे. घरातल्या दिव्या-पंख्याला सिंगल फेज पुरतो. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला तिन्ही फेज लागतात. भारनियमनाच्या काळात गावांना सिंगल फेज चालू ठेवून थ्री फेज बंद करायची पद्धत आली, पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडरच वेगळे करण्यात आले. म्हणजे एकाच माणसाच्या घरी वीज असते आणि त्याच्याच वावरात नसते. या दोन अवस्थांना दोन वेगळे शब्द हवेत की नकोत? पुण्याच्या मराठीत एकच आहे, कारण पुण्याला दुसऱ्याची गरजच पडली नाही. बाबांच्या मराठीत दोन आहेत. ज्याला विजेतून फक्त उजेड हवा, त्याचे लाइट जातात. ज्याला विजेतून पाणी हवं, त्याची लाइन जाते.

आणि ती येते केव्हा? शेतीच्या फीडरला वीज आलटून-पालटून मिळत आली आहे, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याचं ओलीत रात्रीच करायचं. त्याच डिसेंबरात मी बाबांबरोबर गेलो. रात्री साडेबाराची वेळ, हाडं गोठवणारी थंडी, हातात बॅटरी. विहिरीजवळच्या पेटीचं दार उघडायला बाबांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आधी काठीनं दार वाजवलं, मग उघडलं. मी विचारलं तर म्हणाले, "पेटीत ऊब असते. आपल्याले थंडी वाजते, तशी त्यालेही वाजते." 'त्याले' म्हणजे सापाला. मागच्या हिवाळ्यात तो आत बसलेला होता, ही गोष्ट त्यांनी मला फोनवर कधीच सांगितली नव्हती. मी त्या हिवाळ्यात दर रविवारी विचारत होतो, "काय बाबा, लाइट आहे ना?" आणि ते खरंच उत्तर देत होते, "हो, हाय ना."

मी शब्द चुकीचा वापरत होतो, म्हणून मला उत्तरही चुकीचंच मिळत होतं. यात बाबांचा काही दोष नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा पुळका कशाला, शब्द तर इंग्रजीच आहे. रांग, ओळ, रेषा, वीजपुरवठा असे सुंदर शब्द मराठीत असताना लाइन कशाला? मी भाषाशुद्धीच्या विरोधात नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' असे शब्द दिले आणि आपण ते आनंदानं वापरतो. पण शब्द टिकतो तो कामाला येतो म्हणून. 'वीजपुरवठा खंडित झाला' हे वर्तमानपत्रात शोभतं. रात्री साडेबाराला बांधावरून ओरडून सांगायला 'लाइन गेली रे!' एवढंच पुरतं. शिवाय एखाद्या इंग्रजाला 'लाइन गेली' असं शब्दशः सांगून पाहा. तोही माझ्या सहकाऱ्यासारखा फोनच उचलेल. म्हणजे शब्द इंग्रजांचा असेल, पण हा अर्थ आमच्या रोजच्या वापरातला आहे. आमच्या गावाच्या नावातच बघा. मंगरूळच्या पुढे लागलेला 'पीर' हा फारसी शब्द आहे, दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे आलेला. आजवर कुणाला तो परका वाटला नाही.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. रविवारी दुपारी हट्टानं 'लाइन'चं मूळ शोधलं. इंग्रजीतला हा शब्द लॅटिनमधल्या 'लिनेआ'वरून आला, आणि लिनेआ म्हणजे 'लिनम'चा धागा. लिनम म्हणजे काय? जवस! आपली चटणीची जवस. तिच्या खोडातून निघणाऱ्या तंतूंची दोरी ताणून धरायची आणि सरळ रेघ मारायची, म्हणून रेघेलाही तेच नाव पडलं. लिनन कापड याच घरातलं. विदर्भात जवसाचं पीक जुनं. आपण ती घेतली तेलासाठी आणि चटणीसाठी, धाग्याच्या भानगडीत फारसे पडलो नाही. आज वाशीम जिल्ह्यात जिकडेतिकडे सोयाबीन दिसतं. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग इंग्रजायनं आपल्या वावरातूनच नेला म्हणाना!" (तसं नाही, जवस युरोपातही होतीच. पण मी वाद घातला नाही.)

आता परिस्थिती थोडी बदलते आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिचा हेतूच मुळी शेतीला दिवसा वीज देण्याचा. जे फीडर अशा सौर प्रकल्पांना जोडले गेले, तिथे दिवसा लाइन मिळू लागली आहे. आमच्या वावराचा नंबर अजून लागायचा आहे. म्हणजे लाइनसाठीही लाइनच! तोवर मी एवढंच ठरवलंय की फोनवर 'लाइट आहे का' असं विचारायचं नाही. विचारायचं, "लाइन केव्हाची आहे, दिवसाची का रात्रीची?" एवढ्या एका प्रश्नावर बाबा आता दहा मिनिटं बोलतात. पेटी, काठी, डीपी, शेजारच्याची जळलेली मोटार, सगळं सांगतात.

तुम्हीही नोकरीसाठी शहरात येताना असे काही शब्द लाजेपोटी गावीच ठेवून आला असाल, तर एकदा आठवून बघा.

परवा संध्याकाळी आमच्या सोसायटीतली वीज गेली. दहा सेकंदांत जनरेटर सुरू झाला, लिफ्टसुद्धा चालू. कन्यारत्न मोठ्या अभिमानानं ओरडलं, "लाइन गेली!"

मी म्हटलं, "नाही गं. आपले नुसते लाइट गेले."