आमच्याच खिशातली मदत!



मी चौथी शिकलेला माणूस. अर्थशास्त्राचे पुस्तक मी कधी उघडलेले नाही. पण चौदा वर्षे सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा आहे, आणि पगाराच्या दिवशी हातात पडलेली चिठ्ठी वाचायला मला शिकवणी लागत नाही. हजेरी किती, खाडे किती, फंड किती कापला, हातात किती आले, हे चार रकाने ज्याला वाचता येतात त्याला सरकारचा हिशेबही वाचता येतो. म्हणून 2020 सालचा एक हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. कोणी म्हणेल, झाले गेले, आता कशाला उकरता? उकरतो अशासाठी, की ज्या हिशेबावर कामगार बोट ठेवत नाही, तोच हिशेब पुढच्या संकटात पुन्हा त्याच्या गळ्यात मारतात.

आठवा तो मार्च महिना. 22 तारखेला पंतप्रधानांनी थाळ्या वाजवायला सांगितल्या. खोटे कशाला बोलू, मीही वाजवली. आमच्या धाकट्याने तर ताटाला पोचा पाडला. त्यानंतर राज्यात संचारबंदी लागली, गिरणीची चाके थांबली, आणि फाटकावरून निरोप आला की 31 तारखेनंतर बघू. 24 मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी सांगितले, रात्री बारापासून सगळा देश बंद. चार तासांची मुदत! अहो, गिरणीत पाळी बदलायची झाली तरी आधी फळ्यावर नोटीस लागते. इथे सव्वाशे कोटींच्या वर लोकांची पाळी बंद केली, ती चार तासांत.

रोग खरा होता, माणसे मरत होती. बंद करूच नये असे माझे म्हणणे नाही. माझा सवाल एवढाच, की हात बांधलेत तर तोंडात घास कोण घालणार?

पहिले उत्तर आले 26 मार्चला. 1 लाख 70 हजार कोटींची गरीब कल्याण योजना. त्यात माणशी महिन्याला 5 किलो धान्य फुकट, आणि जनधन खाते असलेल्या बाईच्या नावावर महिन्याला 500 रुपये, तीन महिने. धान्य आले, पोटात गेले. त्याला मी नावे ठेवणार नाही. खाल्ल्या अन्नाला नावे ठेवण्याची आपली रीत नाही. पण 500 रुपयांचे ऐका. आमची मंडळी बँकेच्या दारात उन्हात उभी राहून ते घेऊन आली आणि म्हणाली, "अवो, वाण्याचं बत्तीसशे झाल्यात. ह्ये पाचशे त्याला देऊ, का गॅस घेऊ?" या प्रश्नाला दिल्लीच्या कुठल्या कागदावर उत्तर होते?

त्याच योजनेत फंडाचीही गोष्ट होती. मालकाचा 12 टक्के आणि कामगाराचा 12 टक्के असा दोघांचाही हिस्सा सरकार तीन महिने भरणार. ऐकून आमच्या चाळीत आनंद झाला. मग अट कळली. ज्या कारखान्यात 100 पर्यंतच माणसे, आणि त्यांतही शंभरातले 90 जण पंधरा हजारांच्या आत पगाराचे, त्यांनाच हा लाभ. आमच्या गिरणीत चारशेच्या वर माणूस. म्हणजे सरकारचे गणित असे: शंभर जण असाल तर गरीब, एकशे एकावा आला की सगळेच श्रीमंत!

29 मार्चला केंद्राच्या गृहखात्याने हुकूम काढला, की बंदच्या काळात कोणाचाही पगार कापू नका. वर्तमानपत्रात ठळक छापून आले. आम्ही ते कात्रण घेऊन फाटकावर गेलो. उत्तर मिळाले, "वरून काही आलं नाही." कायम कामगारांच्या हातात कसाबसा अर्धा पगार पडला. बदलीवाल्याला काहीच नाही. माझ्या शेजारच्या साच्यावरचा पोरगा बदली. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराला बसवून ठेवले तर अर्धा पगार देण्याचे कलम होते, पण त्याच कलमात बदली कामगार वगळलेला होता. म्हणजे सर्वांत आधी ज्याची चूल विझते, त्यालाच कायद्याने बाहेर ठेवलेले!

आणि मालकांना हुकूम सोडणाऱ्या सरकारच्या स्वतःच्या गिरण्या? राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या चालू असलेल्या 23 गिरण्या त्याच मार्चमध्ये थांबल्या आणि पुढे वर्षानुवर्षे थांबूनच राहिल्या. तिथले कामगार अर्ध्यामुर्ध्या पगारासाठी मोर्चे काढत राहिले. दुसऱ्याच्या घरातला दिवा लावायला सांगणारा स्वतःच्या घरात अंधार करून बसला होता.

दिव्यावरून आठवले. 5 एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लावण्याचाही कार्यक्रम झाला. तोही आम्ही केला. तेल वाण्याकडून उधार आणून केला.

मग 8 मे उजाडला. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर, मध्य प्रदेशात गावी जायला निघालेले, रेल्वेच्या रुळांवरून चालत होते. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर भाकरी पसरलेल्या होत्या. तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. पुढे सप्टेंबरात लोकसभेत विचारले, की बंदच्या काळात गावी जाताना किती मजूर मेले? कामगार खात्याचे लेखी उत्तर आले, की अशी माहिती ठेवलेली नाही. अरे, आमच्या गिरणीत बॉबिन फुटली तरी त्याची नोंद होते!

करमाडनंतर चौथ्याच दिवशी, 12 मे रोजी, पंतप्रधानांनी आकडा सांगितला: 20 लाख कोटी! देशाच्या एकूण उत्पन्नाच्या दहा टक्के. 13 ते 17 मे असे पाच दिवस अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तो हप्त्याहप्त्याने समजावला. सांगणे इंग्रजीत, त्याचा उलथा हिंदीत. मराठी कामगाराने त्यातून एकच शब्द उचलला: आत्मनिर्भर. म्हणजे तुमचे तुम्ही बघा!

आता तो आकडा पगाराच्या चिठ्ठीसारखा रकाने पाडून वाचू. शेवटची बेरीज झाली 20,97,053 कोटी. त्यातले 8,01,603 कोटी हे रिझर्व्ह बँकेने बँकांना मोकळा करून दिलेला पैसा. शंभरातले अडतीस रुपये तिथेच गेले, आणि ते सरकारच्या तिजोरीतून निघालेलेही नव्हते. 3 लाख कोटी छोट्या-मोठ्या उद्योगांना कर्ज, सरकार फक्त जामीन. 90 हजार कोटी वीज कंपन्यांची थकबाकी भागवायला, तेही कर्ज. 50 हजार कोटी म्हणजे उगमापाशी कापायचा कर जरा कमी कापला. तो कर ज्याचा त्याचाच, आज नाही तर उद्या भरायचाच. आणि रस्त्याने चालणाऱ्या 8 कोटी मजुरांसाठी दोन महिन्यांचे धान्य? 3,500 कोटी. शंभर रुपयांत सतरा पैसे!

आणि आता आपला रकाना. त्या 20 लाख कोटींत 6,750 कोटी अशा नावाचे होते की कामगाराच्या हातात जास्त पैसा खेळावा म्हणून फंडाची कपात तीन महिने 12 वरून 10 टक्के केली. ही मदत! नीट ऐका. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून दहा हजार धरा. आधी तुमचे 1,200 आणि मालकाचे 1,200 फंडात जात. आता दोघांचे हजार-हजार. तुमच्या हातात महिन्याला 200 जास्त आले, तीन महिन्यांत 600. पण फंडात 1,200 कमी पडले. मग मधले 600 कुठे गेले? ते मालकाने भरायचे होते, ते त्याच्याकडेच राहिले. म्हणजे आपल्या म्हातारपणाच्या गाठोड्यातून 1,200 काढले, 600 आपल्या हातावर ठेवले, 600 मालकाच्या, आणि वर फलक लावला की सरकारने कामगाराला मदत केली!

चोरी म्हणायची तर ती दिवसाउजेडी, पाच दिवस पत्रकार परिषद घेऊन केलेली.

"पण मालकाला कर्ज मिळाले तरच गिरणी चालेल ना?" असे आपल्यातलेच काही जण विचारतात. विचारणे चुकीचे नाही. गिरणी जगली पाहिजे. पण त्या कर्जाला एक अट घालता आली असती, की सरकारच्या जामिनावर पैसा घेशील तर एकाही कामगाराला, एकाही बदलीवाल्याला काढायचे नाही. ती अट घातली नाही. उलट, शेवटचा हप्ता जाहीर झाला त्याच दिवशी, 17 मे रोजी, गृहखात्याने नवा हुकूम काढून पगार न कापण्याचा जुना हुकूम 18 तारखेपासून रद्द केला. एका हाताने मालकाला कर्ज, दुसऱ्या हाताने आमच्या पगारावरची ढाल काढून घेतली. आणि 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवावे. ज्याच्या घरी पीठ नाही आणि ज्याच्या घरी गिरणी आहे, त्यांनी आपसात बोलायचे!

"तिजोरीत पैसा होता कुठे?" हा दुसरा सवाल. आधीच्याच सप्टेंबरात, 20 सप्टेंबर 2019 ला, कंपन्यांवरचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला तेव्हा वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी सोडतो असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. सोडायला होते, तर द्यायला का नव्हते?

आणि कोणी समजू नका की मी एकट्या दिल्लीवर घसरतो. 13 एप्रिल 2021 ला मुंबईच्या सरकारनेही दुसऱ्या बंदच्या वेळी 5,476 कोटी जाहीर केले. नोंदणीकृत बांधकाम कामगार, फेरीवाले, रिक्षावाले यांना 1,500 रुपये. त्यांना मिळाले, चांगले झाले, ते आपलेच भाऊ. पण त्या यादीत गिरणी कामगार नव्हता, यंत्रमागावरचा नव्हता. कापड विणून राज्याला नेसवणारा यादीबाहेर उघडा!

मग उपाय काय? रडत बसणे हा नव्हे. त्याच साली गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांचा दिवस करायला आणि जादा कामाचा दुप्पट दर बुडवायला मोकळीक दिली होती. गुजरात मजदूर सभा नावाची कामगारांची संघटना कोर्टात गेली, आणि 1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम फेकून दिला. भाषणाने नाही मिळाले, संघटनेने मिळाले.

म्हणून पुढच्या वेळी कोणत्याही झेंड्याचा पुढारी व्यासपीठावरून मोठा आकडा सांगेल तेव्हा टाळी वाजवण्याआधी तीन सवाल विचारा. यातले माझ्या हातात किती येणार? हा पैसा तुमचा, बँकेचा, का माझाच? आणि मालकाला देताना माझ्या नोकरीची अट घातली का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर टाळी. नाही तर घोषणा.

आणि आपल्या मागण्याही तीनच. बंद सरकारने केला तर त्या दिवसांचा पगार सरकारने आणि मालकाने मिळून द्यावा. बदली कामगाराला कायम कामगाराइतकाच बसवणुकीचा पगार मिळावा. आणि आमच्या फंडाला हात लावून त्याला मदत म्हणण्याचा धंदा बंद व्हावा.

थाळी आम्ही वाजवली, दिवा आम्ही लावला. आता हिशेबही आम्हीच मागणार!

कामगार एकजुटीचा विजय असो!

एक गिरणी कामगार