खोक्यावरचे आकडे आणि हातातला माऊस

संगणकावरील खेळांसाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनतारी माऊसच्या खोक्यावर हल्ली इतके आकडे छापलेले असतात, की हे खोके आहे की भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका, असा प्रश्न पडावा. बारावीची मुले मला पुष्कळदा विचारतात, "सर, जास्त डीपीआयचाच घेऊ ना?" साध्या माऊसच्या कितीतरी पट किंमत घरच्यांनी मोजावयाची असते, तेव्हा प्रश्न रास्त आहे. माझे मत मात्र विक्रेत्याच्या मताहून वेगळे आहे. खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा असतो आणि सर्वांत महत्त्वाचा आकडा खोक्यावर नसतोच. तो तुमच्या हाताजवळ असतो.

उदाहरणासाठी एक ठरावीक माऊस समोर ठेवू. लॉजिटेक कंपनीचा जी ३०५ हा २०१८ साली बाजारात आला. कंपनीने दिलेले त्याचे आकडे असे : १२,००० डीपीआय, सेकंदाला १,००० संदेश, पेन्सिल सेलसह वजन ९९ ग्रॅम, एका सेलवर २५० तास. हे आकडे खोटे आहेत असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. त्यांचा अर्थ काय, एवढेच पाहावयाचे आहे.

डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जगाला दाखविलेला माऊस दोन चाकांवर चाले. आजच्या माऊसच्या पोटात चाके नसतात. तेथे असतो एक छोटा प्रकाशस्रोत आणि एक चिमुकला कॅमेरा. हा कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे घेतो आणि लागोपाठच्या चित्रांची तुलना करून माऊस कोणीकडे किती सरकला ते ठरवितो. एक इंच सरकताना तो जितकी पावले मोजतो, तितका त्याचा डीपीआय.

म्हणजे डीपीआय हे दुसरे तिसरे काही नसून माऊसचे लघुतम माप आहे! प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपरचे लघुतम माप तुम्ही ०.१ मिलिमीटर आणि स्क्रू गेजचे ०.०१ मिलिमीटर असे लिहिता. ८०० डीपीआयचा माऊस सुमारे ०.०३ मिलिमीटरपर्यंत मोजतो, म्हणजे त्याची जागा या दोहोंच्या मधली. १२,००० डीपीआयला मात्र हे माप ०.००२ मिलिमीटर होते, स्क्रू गेजच्याही पाचपट बारीक. ऐकावयास हे छान वाटते. पण १,९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावर, एका पावलाला एक बिंदू या हिशेबाने, ८०० डीपीआयला बाण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेण्यास हात ६ सेंटिमीटर सरकवावा लागतो आणि १२,००० डीपीआयला अवघा ४ मिलिमीटर. हात एक मिलिमीटर हलला की बाण ४७० बिंदूंवर जाऊन पडतो. अशा माऊसने नेम कोण धरणार? गूळ तोलावयास सोनाराचा काटा कशाला हवा? स्पर्धांत उतरणारे बरेच नामवंत खेळाडू ४०० ते १,६०० च्या दरम्यानच राहतात. या एका माऊसच्या १२,००० पुढे २५,००० आणि त्याहून मोठे आकडे आज बाजारात आहेत. त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन.

मग संवेदकाचे गुण पाहावयाचेच नाहीत काय? पाहावयाचे, पण बारीकपणाऐवजी खरेपणा पाहावा. त्यासाठी एक प्रयोग सांगतो. संगणकात बाणाची गती मधल्या खुणेवर ठेवा आणि हात वेगाने फिरला असता बाण अधिक पळविण्याची जी सोय असते ती बंद करा. माऊस ४०० डीपीआयवर ठेवा. पेंट या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये पडद्याइतका रुंद कागद घेतला की बाणाचे स्थान खाली अंकांत दिसते. आता पट्टीच्या कडेने माऊस बरोबर ८ सेंटिमीटर सरकवा. फरक सुमारे १,२६० बिंदू यावयास हवा. हेच दहा वेळा सावकाश करा आणि दहा वेळा झपाट्याने. दोन्हींच्या सरासऱ्या जुळल्या, तर संवेदक प्रामाणिक आहे. वाचने विखुरलेली आली, तर मात्र आधी पट्टी धरणाऱ्या हाताकडे पाहावे!

आता 'बिनतारी' या शब्दाकडे वळू. तार नसल्याने माऊस मंदावतो, अशी समजूत अजून ऐकू येते. रेडिओलहर एक मीटर अंतर सुमारे ३.३ नॅनोसेकंदांत कापते, तेव्हा विलंबाचा दोष लहरीला देता येत नाही. विलंब होतो तो माऊस आपला ठावठिकाणा किती वेळा कळवितो यामुळे. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा कळवीत असेल, तर दोन संदेशांत ८ मिलिसेकंद जातात आणि सरासरीने ४ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. १,००० वेळा कळविणाऱ्याला हीच वाट अर्धा मिलिसेकंद. फायदा साडेतीन मिलिसेकंदांचा.

तो केवढा, हे पट्टीने मोजा. मित्राने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून अचानक सोडावी आणि तुम्ही ती चिमटीत पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली, तर मुक्त पतनाच्या सूत्राने तुमचा प्रतिक्रियाकाल ०.२ सेकंद येतो. त्या क्षणी पट्टीचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटर असतो. म्हणून साडेतीन मिलिसेकंद म्हणजे पट्टीवरचे ७ मिलिमीटर. तुमचे स्वतःचे दोन प्रयत्न याहून अधिक अंतराने चुकतात. तरीही तुल्यबळ खेळाडूंत हे ७ मिलिमीटर कामाचे आहेत, आणि १,००० च्या माऊसला थोडे अधिक पैसे देणे मला गैर वाटत नाही. पण हल्ली ८,००० वेळा कळविणारे माऊसही निघाले आहेत. तेथे आणखी फायदा होतो तो याच पट्टीवर एक मिलिमीटरही भरत नाही.

आणखी एक. हा माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. वायफाय, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टी यांचीही गर्दी तेथेच. म्हणून संगणकाच्या मागे, लोखंडी पेटीच्या आडोशाला खोचलेला रिसीव्हर काढून छोट्या जोडतारेने माऊसजवळ आणून ठेवावा. बाण मध्येच अडखळत असेल, तर नवा माऊस घेण्याआधी हे करून पाहावे.

पण हे सारे दुय्यम. हातात घेतल्यावर माऊस कसा वाटतो, याचे मोल मी अधिक मानतो. मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोजा. मग आपण माऊस धरतो कसा, ते पाहा. कोणी पूर्ण तळवा टेकवितो, कोणी बोटे आकड्यासारखी वाकवितो, कोणी नुसत्या बोटांच्या टोकांनी चालवितो. उदाहरणातला माऊस सुमारे ११.७ सेंटिमीटर लांब आणि ३.८ सेंटिमीटर उंच आहे. बोटे वाकविणाऱ्या नववी-दहावीच्या मुलाला तो नीट बसेल. माझ्यासारख्या तळवा टेकविणाऱ्या प्रौढाला तो आखूड वाटतो. बोटे पुढे लोंबतात. त्यात माऊसचा दोष नाही, आणि माझाही नाही. म्हणूनच कोणाच्या तरी शिफारशीवर माऊस घेऊ नये. मित्राकडचा मागून घ्यावा, अर्धा तास खेळावे आणि दोन गोष्टी तपासाव्यात : मनगट वर मुडपले जाते काय, आणि अंगठा व करंगळी आवळून धराव्या लागतात काय. दोहोंपैकी एकाचेही उत्तर 'होय' आले, तर तो माऊस कितीही गाजलेला असो, परत करावा. मात्र टेबल फार उंच असेल, तर कोणत्याही माऊसवर मनगट मुडपणारच. तेव्हा दोष ठरविण्याआधी खुर्ची उंच करून पाहावी.

डावखुऱ्या मुलांची तर बाजारात उपेक्षाच आहे. या माऊसचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा खरा, पण बाजूची दोन बटणे डावीकडेच, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी!

वजनाचा विचार धरण्याच्या पद्धतीबरोबरच करावा. ९९ ग्रॅमपैकी साध्या अल्कलाईन सेलचेच सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाव भाग. लिथियमचा सेल घातला तर ७-८ ग्रॅम कमी होतात. याच कंपनीने २०२० साली काढलेला सुपरलाइट माऊस ६३ ग्रॅमच्या आत आहे. माऊस सारखा उचलून मागे ठेवणाऱ्याला हा फरक मनगटात जाणवेल, तळवा टेकून खेळणाऱ्याला फारसा नाही. सेलचे गणितही गमतीचे आहे. पेन्सिल सेलमध्ये सुमारे ३ वॅट-तास ऊर्जा असते. ती २५० तास पुरते म्हणजे माऊस सरासरी १२ मिलिवॅटवर चालतो. तुमच्या प्रयोगपेटीतली साधी एलईडीसुद्धा ४० मिलिवॅट खाते! या माऊसवर रंगीबेरंगी दिवे नाहीत, याचे मला म्हणूनच समाधान वाटते.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. नववीला घर्षण शिकविताना लाकडी ठोकळ्याऐवजी एकदा माऊस घ्यावा. माऊसची चटई फळीवर चिकटवावी, माऊस बंद करून तीवर ठेवावा आणि तो घसरू लागेपर्यंत फळी सावकाश उचलावी. फळीच्या टोकाची उंची भागिले तिच्या पायाची लांबी, हा झाला स्थितिक घर्षणांक. सेल काढून पुन्हा करून पाहण्यास सांगावे. वजन घटले तरी कोन जवळजवळ तोच का राहिला, यावर मुलांना भांडू द्यावे. नंतर पायांच्या गुळगुळीत पट्ट्या झिजलेला एखादा जुना माऊस आणावा आणि दोघांचे कोन फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.