कारवी, कुड आणि व्हिट्रिफाइड

रंगाचं शेड कार्ड तुम्ही कधी नीट वाचलंय? रंग बघायचे नाहीत, नुसती नावं वाचायची. लॅव्हेंडर, लायलॅक, मॅग्नोलिया, ट्युलिप. यातलं एकही फूल मी आजवर झाडावर बघितलेलं नाही. ऐरोलीच्या ऑफिसात बसून कार्ड चाळत होते, आत्याच्या घराची ओटी रंगवायची होती म्हणून. मला हवा होता कारवीच्या फुलाचा रंग. जांभळा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर धुवून फिका पडलेला. दुकानदार फोनवर म्हणाला, ‘मॅडम, लॅव्हेंडर घ्या, जवळ जाईल.’

आत्याचं घर किन्हवलीच्या अलीकडे. आमचं निम्मं गाव बाजाराला शहापूरला जातं आणि निम्मं सरळगाववरून मुरबाडला. घर माझ्या आजोबांनी बांधलेलं. वर मंगळोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी आणि भिंती कुडाच्या. आमच्या ऑफिसातल्या पब्लिकसाठी सांगते, कुड म्हणजे कारवीच्या काठ्यांची भिंत. सरळसोट काठ्या एकीला एक लावून उभ्या करायच्या, आडव्या बांबूच्या पट्ट्यांनी आवळून बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताचं तूस पायांनी मळून थापायचं. तूस घातलं की माती वाळताना कमी तडकते. भिंत हाताच्या पंजापेक्षा जाड नसते, पण तिच्यातून हवा खेळते. मे महिन्यात तिथल्या ओटीवर पंखा नसतानाही झोप लागते.

आता गंमत बघा. फुलाचा रंग मी दुकानात शोधत होते आणि फुलाचं झाड भिंतीत होतं. ती काठी आणि ते फूल एकाच झुडपाचं. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी अख्खा डोंगर एकदम फुलतो, बी धरतं आणि झुडपं वाळून मरतात. सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2008, 2016 आणि 2024 साली बहर आला, तेव्हा पेपरात फोटो आले आणि सुट्टीला गर्दी झाली. मुन्नारची नीलकुरिंजी हिची चुलतबहीण, ती 12 वर्षांनी फुलते. 2018 साली फुलली होती. मराठी माणूस ती बघायला तिकीट काढून केरळात जातो आणि माळशेजला भजी खाताना पाठीमागची कारवी बघत नाही. असो.

आत्या वर्षं मोजत नाही, बहर मोजते. ‘तुझा बाप एक बहराचा होता तेव्हा विहीर खणली’ असं काहीतरी तिचं चालू असतं. मागच्या बहरात तिचे आठ बहर पूर्ण झाले, म्हणजे चौसष्ट वर्षं, हा हिशेब मी मोबाइलवर केला. लग्नानंतर चारच वर्षांत ती माहेरी परत आली ती कायमचीच. आजी-आजोबा गेल्यावर घर तिचं. कागदावर ते माझ्या बाबांच्या आणि काकांच्या नावावर आहे, पण तो विषय कोणी काढत नाही.

तीन वर्षांपूर्वी मला पहिला बोनस बरा मिळाला आणि मी घर ‘दुरुस्त’ करायचं ठरवलं. आमच्या ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टरने छाती ठोकून सांगितलं, कुड पाडायची गरज नाही, वरून सिमेंटचा गिलावा मारू, खर्च निम्मा. मला आयडिया जाम आवडली. भिंत जुनी, फिनिश नवं! दिवाळीपर्यंत ओटी गुळगुळीत झाली, फोटो टाकले, लाइक्स आले. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, आमचा एक पावसाळा टिकला. मातीची भिंत ओल घेते तेव्हा फुगते, वाळते तेव्हा आकसते. सिमेंट ताठ उभं राहतं, तिच्याबरोबर हलत नाही आणि आतली ओल बाहेरही जाऊ देत नाही. श्रावणात एका रात्री दाराजवळचा पाटाएवढा तुकडा धाडकन खाली आला. आत्या तेव्हा नेमकी आत होती म्हणून बरं. आत बघितलं तर खालच्या काठ्या कुजून त्यात वाळवी. इतकी वर्षं वाऱ्यावर टिकलेल्या काठ्या मी दोन वर्षांत कुजवल्या होत्या.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. इंटरनेटवर मातीच्या घरांवरचं मिळेल ते वाचलं, चुना, गेरू, सगळं. आत्याला सांगितलं की आपण आता अस्सल कुडच करायचा, अख्ख्या घराला, जमीनही शेणाची. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सारवायला तू येतेस का, बाय, दर आठवड्याला?’

मी गप्प. तिला हवी होती वीट. मागच्या पडवीला कुडाच्या फटीतून साप आला होता, दोनदा. गुडघे दुखतात, उकिडवं बसून सारवणं होत नाही. आणि एक गोष्ट तिने हळूच सांगितली. घरकुलाची यादी करायला माणूस आला होता तेव्हा त्याने भिंतीला हात लावून ‘कच्चं’ लिहिलं. सरकारी व्याख्येत माती-बांबूची भिंत कच्चीच असते. पण ते शेजारणीसमोर लिहिलं गेलं, ते तिला लागलं होतं. वीकएंडला मातीचा वास घ्यायला येणाऱ्या भाचीला हे कसं कळणार?

फुलांवरून मात्र तिच्याशी वाद घालायचा नाही. भाद्रपदात आमच्याकडे गौर येते ती तेरड्याची, मुळासकट उपटून आणलेली. तिची पावलं तांदळाच्या पिठाने दारापासून चुलीपर्यंत काढायची. सारवलेली जमीन पीठ शोषून घेते, पावलं विसर्जनानंतरही चार दिवस दिसतात. मी काळजीच्या सुरात म्हटलं, टाइल्सवर पीठ फिसकटेल. आत्या म्हणाली, बाजारात स्टिकर मिळतो. दसऱ्याला दाराला झेंडू आणि भाताच्या लोंब्या लागतातच. शहापूर-मुरबाडच्या कितीतरी बायका पहाटेच्या लोकलने ती तोरणं कल्याण, ठाणे, दादरला विकायला नेतात, तुम्ही स्टेशनबाहेर घेतली असतील. झेंडूही मुळात आपला नाही, अमेरिका खंडातून आला. मेक्सिकोत तो पितरांच्या दिवशी मांडतात, मेलेल्यांना घरची वाट दिसावी म्हणून. आमच्या दारात तो शुभ. मग माझ्या ‘अस्सल’चं काय करायचं? कारवीचं फूल तर आमच्याकडे दाराला लावत नाहीत आणि देवालाही वाहत नाहीत. त्याच्याकडून मिळतो तो घट्ट, काळपट मध, आणि काठ्या.

शेवटी तह झाला. मागची पडवी आणि स्वयंपाकघर विटांचं, खाली टाइल्स. पुढची ओटी कुडाची, चुन्याने रंगवलेली, तिचं सारवण-लिंपण वर्षातून एकदा, आणि तेव्हा मी रजा टाकून यायचं. शेड कार्ड गेलं ड्रॉवरमध्ये.

आता कुड बांधणार कोण, हा खरा लोचा. गावातली पोरं आसनगावच्या गोडाउनला आणि मुरबाडच्या एमआयडीसीत जातात, त्यांना कारवी बांधता येत नाही. काम येतं ते शेजारच्या कातकरी वाडीतल्या एका नवरा-बायकोला. जुना कुडही त्यांच्याच घरच्यांनी बांधलेला. निरोप पाठवला तर वाडीत कुलूप. ते दिवाळीनंतरच भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेलेत, मुलांना घेऊन. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पावसाळ्याअगोदर परत येता येत नाही. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, सगळीकडच्या भट्ट्यांचं हेच गणित. भट्टीवर घर म्हणजे विटा रचून त्यावर टाकलेला पेंढा नाही तर ताडपत्री.

म्हणजे ज्याला कारवी बांधता येते तो माणूस विटा पाडतोय. आत्याच्या पडवीला ज्या तीन हजार विटा परवा उतरल्या, त्याही भिवंडीकडूनच आल्यात. त्याच भट्टीवरच्या आहेत का, ते मी ट्रकवाल्याला विचारलं नाही. विचारून काय करणार होते? पण एक वीट हातात घेतली तेव्हा तिच्यावर बोटांचे ठसे होते, चार, बारीक. लहान हात असावा. ती वीट मी गवंड्याला दिली नाही, बाजूला ठेवली. आत्याने विचारलं, ही का ठेवली? मी म्हटलं, कोपरा मोडलाय.

त्यांच्या वाडीतल्या म्हाताऱ्या आईला भेटून आले. मजुरी बाजारभावाने, आणि दिवाळीनंतर बोलवलं तर भट्टीची उचल न घेता इथे थांबता येईल का, ते विचारलं. किती दिवसांचं काम, असं तिने विचारलं. मी म्हटलं, दहा-बारा. ती हसली. दहा-बारा दिवसांच्या कामासाठी कोणी सहा महिन्यांची उचल सोडत नाही. मग पावसाआधी, मेअखेर परत आले की बघू, एवढ्यावर बोलणं थांबलं. जुन्या कुडातल्या वरच्या काठ्या अजून टणटणीत आहेत, त्या मी माळ्यावर चढवून ठेवल्यात.

स्वयंपाकघराच्या टाइल्स आत्याने स्वतः मुरबाडला जाऊन पसंत केल्या. मी साधी टेराकोटा सुचवली होती. तिने आणली चकचकीत पांढरी, मधोमध लालभडक गुलाबांचा गुच्छ छापलेली. ‘कशी आहे?’ म्हणाली. मी म्हटलं, छान. ‘रोज फुललेलीच राहील,’ म्हणाली आणि बिल माझ्या हातात ठेवलं.

टाइल्स मंगळवारी बसणार आहेत. ओटीला तोवर ताडपत्री.