कोन नव्हे, गुडघा

मागील अंकातील पत्रलेखकाने ग्रीक 'गोनातोदेस' या विशेषणाचा अर्थ 'कोनदार' असा दिला आहे. तो पटणारा नाही. कोनासाठी ग्रीकमध्ये 'गोनिया' हा शब्द आहे. हे विशेषण मात्र 'गोनी', म्हणजे गुडघा, यावरून आले.

थिओफ्रास्टस हा इ.स.पूर्व चौथ्या शतकातला ग्रीक विद्वान. वनस्पतींवरील ग्रंथात त्याने बोरूसारख्या पेरेदार खोडांना 'गुडघे' दिले, आणि दोन गुडघ्यांमधल्या कांड्याला 'मेसोगोनातिओन' म्हटले. ही नुसती पंडिती नव्हे! बिओशियातील ओर्खोमेनसच्या सरोवरकाठचे बोरू कापून 'औलोस' या सुषिर वाद्याची जिभळी करत. कांड्याची लांबी तिथे कळीची.

हाच गुडघा वनस्पतींच्या नावातही दिसतो. हिमालयातली मेदा ही वनस्पती 'पॉलिगोनॅटम' प्रजातीतली. 'बहुगुडघी' हे नाव तिच्या गाठाळ कंदामुळे. कोन तिथेही नाहीत.