टी पेशींचे जगणे, मरणे आणि आपले उतारवय

पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. घसा सुजला की जबड्याखाली गाठ हाताला लागते. वाचकहो, हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी घेतला असेल. गाठ का येते याची साधारण कल्पना आपणांस असते. ती आठ-पंधरा दिवसांत विरते कशी, हा प्रश्न मात्र क्वचितच मनात येतो. लसीका ग्रंथीत एखाद्या टी पेशीला जंतूची ओळख पटली की ती विभागू लागते आणि आठवड्याभरात तिच्यापासून हजारो पेशी तयार होतात. जंतूंचा नायनाट झाला की त्यांतील शंभरांपैकी नव्वद-पंचाण्णव पेशी मरण पावतात. अवधाण ओसरते ते मुख्यतः या मरणामुळे.

हे मरण अपघाती नसते. पेशी आपले सामान स्वतःच आवरते. केंद्रकातील जनुकद्रव्याचे तुकडे करते, आकसते, लहान लहान पुड्यांत विभागली जाते आणि शेजारच्या भक्षक पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. आसपास दाह उरत नाही. १९७२ साली जॉन कर, अँड्र्यू वायली व अलास्टेअर करी या संशोधकांनी पानगळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या क्रियेला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. आपण तिला नियोजित पेशीमृत्यू म्हणू.

कोणती पेशी जगणार आणि कोणती मरणार, हे दोन वाटांनी ठरते. पहिली वाट उपासमारीची. विश्रांत टी पेशीला जगण्यासाठी इंटरल्यूकिन-७ नावाचे प्रथिन सतत मिळावे लागते आणि शरीर ते रेशनच्या धान्यासारखे मोजूनमापूनच तयार करते. ज्या पेशीला तो शिधा मिळतो, तिच्यात बीसीएल-२ हे रक्षक प्रथिन टिकून राहते. ज्या पेशीला तो मिळत नाही, तिच्यात ‘बिम’ हे मारक प्रथिन वरचढ ठरते आणि पेशीचा शेवट होतो. जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा भर इंटरल्यूकिन-२ या दुसऱ्या शिध्यावर असतो. लढाई संपली की तोही आटतो. दुसरी वाट आज्ञेची. वारंवार उद्दीपित झालेल्या टी पेशीच्या पृष्ठभागावर ‘फास’ नावाचे प्रथिन असते. त्याला जुळणारे प्रथिन घेऊन दुसरी पेशी येऊन भिडली, की आतील मृत्यूची साखळी सुरू होते. नाव इंग्रजी खरे, पण मराठी कानाला ते भलतेच समर्पक वाटते!

ही आज्ञा पाळली गेली नाही तर काय होते? काही मुलांमध्ये फासचे जनुक जन्मतःच सदोष असते, हे १९९५ साली उघड झाले. या मुलांच्या गळ्यातील व काखेतील गाठी विरत नाहीत, प्लीहा वाढत जाते आणि मरायला हव्या होत्या त्या पेशींच्या गर्दीत शरीराची स्वतःवर उलटण्याची प्रवृत्ती बळावते. रक्तातील तांबड्या पेशी व प्लेटलेट नष्ट होऊ लागतात. सैन्य भरपूर, आणि मूल आजारी.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही जाहिरातींतील भाषा मला खटकते. वाढवायचे ते नेमके काय? २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली; त्या इजेचे स्वरूप स्वप्रतिकारी यकृतदाहाशी मिळतेजुळते होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही सांगितले पाहिजे. तो वाद बाजूला ठेवला, तरी ज्यांना आमवात, स्वप्रतिकारी थायरॉइड विकार किंवा यकृताचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असे काढे नित्यनेमाने घेऊ नयेत.

लढाईनंतर जगलेल्या शंभरांतील पाच-दहा पेशी म्हणजे शरीराची स्मृती. ही स्मृती किती टिकते, याचा एक जुना दाखला वृद्धांचाच आहे. उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली होती. त्यानंतर थेट १८४६ साली ती पुन्हा आली आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० माणसे आजारी पडली. तेथे गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदवले, की बालपणी १७८१ची साथ भोगलेल्या वृद्धांपैकी एकालाही पुन्हा गोवर झाला नाही. या संरक्षणात टी पेशींबरोबर प्रतिपिंडांचाही वाटा असतो. पण ६५ वर्षांनंतरही शरीराची आठवण शाबूत होती.

मग उतारवयात उणे पडते ते कोठे? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे बोलके नाव आहे. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या टी पेशींची निवड तेथे होते आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक तेथेच मरतात: काही निरुपयोगी म्हणून, तर काही स्वतःच्याच शरीराला शत्रू मानतात म्हणून. तारुण्यानंतर ही ग्रंथी आकसत जाते व तिची जागा चरबी घेते. साठीनंतर नव्या पेशींची आवक अगदी क्षीण होते. जुन्याच पेशी विभागून संख्या राखली जाते. म्हणून पूर्वी न भेटलेल्या जंतूला उत्तर द्यायला वृद्ध शरीराला वेळ लागतो. तापही कधी कधी फारसा चढत नाही. आजी जेवण नाकारते, आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागतात, एवढेच लक्षण दिसते. काळजी घेणाऱ्यांनी अशा वेळी केवळ थर्मामीटरवर विसंबू नये.

जुन्या पेशींचा पहाराही काही ठिकाणी ढिला पडतो, आणि त्याचे घरोघरी दिसणारे रूप म्हणजे नागीण. बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागुच्छांत दडून राहतो. त्याला तेथे दाबून ठेवण्याचे काम प्रामुख्याने टी पेशींचे. वयामुळे अथवा दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडमुळे त्यांचे बळ घटले, की विषाणू मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो. (डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड मात्र परस्पर बंद करू नये, ते धोक्याचे असते.) प्रथम एकाच बाजूला आग व ठणका होतो, पुरळ दोन-तीन दिवसांनी उठते. तोवर ते दुखणे हृदयाचे की स्नायूचे, असा घोळ होतो. छातीत दुखत असेल तर हृदयाची तपासणी आधीच करून घ्यावी. नागिणीचे तोंड व शेपूट एकत्र आले की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. गेरूचा लेप लावून विषाणू थांबत नाही. विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वाधिक गुण येतो, आणि लेप देण्यात नेमका तोच वेळ निघून जातो. पुरळ डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. पुरळ सुकल्यावरही काहींना महिनोन्महिने वेदना राहतात. पदराचा स्पर्शही सोसवत नाही.

पन्नाशीनंतर घेण्याची नागिणीची लस आता भारतात मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्यायच्या असतात. लस महाग आहे, हे नाकारता येत नाही. नागीण एकदा होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते. केव्हा घ्यावी हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

घरात कोणाला नागीण झाली असेल, तर फोडांतील द्रवातून कांजिण्या न झालेल्यांना किंवा त्यांची लस न घेतलेल्यांना कांजिण्या होऊ शकतात. तेव्हा खपल्या धरेपर्यंत फोड स्वच्छ कापडाने झाकून ठेवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा आणि तान्ह्या नातवंडाला व गरोदर सुनेला तेवढे दिवस दूर ठेवावे.