गर्भाच्या डिशमधले अँटिऑक्सिडंट: पैसे भरण्याआधी एवढे विचारा

रात्री दवाखाना बंद करायच्या वेळेला एक जोडपे आले. आजार काहीच नव्हता. हातात आयव्हीएफ केंद्राने दिलेला खर्चाचा कागद होता आणि त्यातल्या एका ओळीभोवती पेनाने गोल केला होता: 'अँटिऑक्सिडंट मीडिया (ऐच्छिक)'. पुढे काही हजारांचा आकडा. बाई छत्तीस वर्षांच्या, नवरा टॉवेलच्या कारखान्यात. पहिला प्रयत्न वाया गेलेला, त्यासाठी काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते अजून चालूच.

"डॉक्टर, हे घ्यायचं का हो? नाही घेतलं आणि परत फेल गेलं, तर आयुष्यभर मनाला लागून राहील."

हे शेवटचे वाक्य नीट ऐका. 'ऐच्छिक' लिहिलेल्या गोष्टी या वाक्यावरच विकल्या जातात.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. आयव्हीएफ करत नाही. पण शुक्रवार पेठेतली माणसे मोठा खर्च करण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरला विचारायला येतात, त्यामुळे मला हे वाचावे लागते. वाचून माझे जे मत झाले ते सांगतो.

आधी प्रकार समजून घ्या. आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचा संयोग शरीराबाहेर होतो आणि तयार झालेला गर्भ तीन ते सहा दिवस एका लहान डिशमध्ये वाढतो. त्याच्याभोवती थेंबभर द्रव असतो. त्यात क्षार, ग्लुकोज, पायरुव्हेट, अमिनो आम्ले, अल्ब्युमिन असते. हेच ते 'मीडिया', म्हणजे गर्भाचे त्या चार दिवसांचे अन्नपाणी. आता अडचण अशी, की आईच्या गर्भनलिकेत ऑक्सिजन साधारण २ ते ८ टक्के असतो आणि बाहेरच्या हवेत २१ टक्के. जास्त ऑक्सिजन, प्रकाश, हाताळणी यांमुळे पेशींत फ्री रॅडिकल्स वाढतात. ते पेशीच्या आवरणाला, डीएनएला, पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांना इजा करतात. गर्भनलिकेतल्या स्रावात त्यांना आवरणारी द्रव्ये असतात, साध्या मीडियात ती फारशी नसतात. मग ती बाहेरून घालावीत, ही कल्पना मूर्खपणाची नाही. मेलबर्न विद्यापीठातल्या डेव्हिड गार्डनर यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदरांच्या गर्भांवर अॅसिटिल कार्निटिन, एन-अॅसिटिल सिस्टीन आणि लिपोइक अॅसिड ही तीन द्रव्ये एकत्र वापरली. हवेइतक्या, म्हणजे २० टक्के ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्या गर्भांना त्याचा चांगला फायदा दिसला.

पण उंदीर तो उंदीर. माणसांत जपानमध्ये एक चांगली चाचणी झाली, ती २०२० मध्ये छापून आली. एकाच स्त्रीची बीजे अर्धी अर्धी वाटून निम्मी नेहमीच्या मीडियात आणि निम्मी अँटिऑक्सिडंट घातलेल्या मीडियात वाढवली. एकूण सगळ्या स्त्रियांचा हिशेब केला तर चांगल्या गर्भांच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. ३५ ते ४० वयोगटात मात्र गर्भधारणा जास्त दिसली. माझ्यासमोरच्या बाई नेमक्या याच गटातल्या. पण मोठ्या चाचणीतून एक लहान गट वेगळा काढला की असे निकाल योगायोगानेही येतात. तो निकाल दुसऱ्यांच्या हातून, जास्त स्त्रियांमध्ये पुन्हा दिसला पाहिजे. तोवर त्याला आशा म्हणा, उपचार म्हणू नका. आणि आशेचे वेगळे बिल रुग्णाकडून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे माझीही चूक कबूल करतो. शुक्राणू कमी असलेल्या नवऱ्यांना मी वर्षानुवर्षे झिंक, फॉलिक अॅसिड आणि आणखी चार गोष्टी घातलेल्या कॅप्सूल लिहून दिल्या. 'नुकसान तर नाही' असे म्हणत. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेतली २३७० पुरुषांची चाचणी प्रसिद्ध झाली. झिंक आणि फॉलिक अॅसिड घेणाऱ्यांच्या घरी मूल जन्मण्याचे प्रमाण ३४ टक्के, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांकडे ३५ टक्के. उलट औषध घेणाऱ्यांत पोटाच्या तक्रारी जास्त आणि शुक्राणूंच्या डीएनएचे तुकडे होण्याचे प्रमाणही थोडे जास्त. त्यानंतर मी त्या कॅप्सूल लिहिणे थांबवले. (स्त्रियांना गर्भधारणेआधी दिले जाणारे फॉलिक अॅसिड वेगळ्या कारणासाठी असते, ते कुणी बंद करू नका.) फ्री रॅडिकल्स म्हणजे नुसते विष नव्हे. शुक्राणूला बीजात शिरण्याची तयारी करायलासुद्धा ते थोडे लागतात. सगळेच पुसून टाकायला गेलो तर कामही अडते.

"मग डाळिंबाचा रस?" नवऱ्याने विचारले. प्रश्न सोलापूरकराला शोभणारा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, २०१६ मध्ये आपल्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन, आणि जाहिरातीत दाण्यादाण्यात अँटिऑक्सिडंट! खा, भाव परवडत असेल तर जरूर खा. फक्त तुम्ही प्यायलेला रस प्रयोगशाळेतल्या त्या डिशमध्ये पोचत नाही.

मी त्यांना केंद्रात विचारायला एक प्रश्न लिहून दिला: 'तुमच्या इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन ५ टक्के ठेवता की हवेइतका?' याचे कारण साधे आहे. ऑक्सिजन कमी ठेवण्याचा पुरावा कितीतरी बरा आहे. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, जिथे १०० पैकी ३० जोडप्यांना मूल होते, तिथे नुसता ऑक्सिजन कमी ठेवल्याने ते ३२ पासून चाळिशीच्या थोडे पुढेपर्यंत जाऊ शकते. उतू जाणाऱ्या दुधात पाणी शिंपडत बसण्यापेक्षा आधी चुलीचा जाळ कमी करावा. विचारायला संकोच करू नका. २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे यशाची शक्यता, फायदे, तोटे आणि खर्च समजावून सांगणे केंद्राला बंधनकारक आहे.

मग मी त्यांना दुसरे विचारले, जे त्या जाड फाइलीत कुठेच नव्हते. नवरा दिवसाला तीन-चार पुड्या मावा खातो आणि रंगाईत, बॉयलरजवळ उभा असतो. बाईंनी पदर सावरत, नवऱ्याकडे न बघता सांगितले, "मशेरी लावते. सकाळी आणि रात्री." तंबाखू स्वतःच शरीरात फ्री रॅडिकल्स वाढवते. ती तोंडात ठेवून डिशमध्ये अँटिऑक्सिडंट विकत घ्यायचे, याला काय म्हणावे? एवढ्या तपासण्या झाल्या, पण बाईला मशेरीबद्दल कुणी विचारले नाही, कारण बाई सिगारेट ओढत नाहीत ना! नवा शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. पैशांची जुळवाजुळव करायला त्यांना तसेही तीन महिने हवे होते. तेवढ्यात दोघांनी तंबाखू सोडायची आणि नवऱ्याने बॉयलरपासून लांबचे काम मागून घ्यायचे, असे ठरले. त्याहून जास्त थांबू नका, असेही सांगितले. छत्तिसाव्या वर्षी वर्षभर थांबणे कुठलीही कॅप्सूल भरून काढत नाही.

चार दिवसांनी नवऱ्याचा फोन आला. केंद्रात इन्क्युबेटर ५ टक्क्यांवरच चालतो, असे तिथल्या मॅडमनी नीट समजावून सांगितले. ती ऐच्छिक ओळ खोडली. वाचलेल्या पैशांतून पतसंस्थेचा थकलेला हप्ता भरला. मशेरीचा डबा बाईंनी सासूला देऊन टाकला म्हणे. आता सासूबाईंना दवाखान्यात बोलावले आहे.